दवाई द्यायची, पेज पाजायची

आम्ही सात भावंडं. मोठे होईपर्यंत चार राहिलो. गेलेल्या तिघांपैकी दोघांची नावं मला आठवतात. तिसरं नाव ठेवायच्या आत गेलं. आसगावकडच्या आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, याचं कुणाला विशेष वाटत नसे. बाई बाईला भेटली की विचारायची, "किती झाले अन् किती राहिले?" आणि तीही दोन आकडे सांगून पुढच्या बोलण्याला लागायची.

वडील दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, राबत. आई रोवण्याच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, दिवसांत रोवण्याला जाई आणि बाकीचं वर्ष विड्या वळी. तशा आम्ही सगळेच वळायचो. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायचं, तोंड मिटायचं. माझं सगळं पाठांतर मांडीवर सूप घेऊन झालं. विडी वळताना बोटं गुंतलेली आणि डोकं मोकळं असतं, त्यामुळे पाढे पक्के होतात. माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा. आई म्हणे, "म्हणूनच मास्तर तुही वही लवकर तपासून वापस करते."

वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरी येऊन त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. घरातले देव काढायचे आणि पोराला शाळेतून काढायचं नाही. यातली दुसरी जास्त कठीण होती, पण त्यांनी ती निभावली. मी बी.एस्सी. झालो, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या टोलीतला पहिला. निकाल लागला तेव्हा आईचे मामा घरी आले आणि म्हणाले, "याच्यात वकील होते का डाक्टर?"

म्हटलं, "कोणीच होत नाही, मामा."

"मंग एवढं शिकला कायले गा?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुढे सात-आठ वर्षांनी मिळालं. ते देण्यासाठीच हा लेख.

लाखांदूरकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सेवक म्हणून लागलो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. सायकल, खाकी पिशवी, तापाच्या रोग्याचं रक्त घ्यायच्या काचपट्ट्या, विहिरीत टाकायची पावडर. पाच गावं माझ्याकडे होती. लोक मला 'मलेरियावाले' म्हणत. मी दिसलो की बोट टोचलं जाणार, ही धास्ती सगळ्यांना. एक म्हातारे पाटील तर दुरूनच हात हलवायचे, "ताप नाई जी आमच्या इथं! परवाच गेला! चाला तुमी पुढं!" आणखी एक गृहस्थ होते, त्यांचं मत असं की जी सुई दुखत नाही ती सुईच नव्हे. आमच्या डॉक्टरांचा हात हलका होता. हे गृहस्थ सुई घेऊन बाहेर येत आणि मला बाजूला घेऊन सांगत, "दवाई कच्ची होती जी. काईच झोंबलं नाई." मी हसायचो. 'दवाई' या शब्दात लोक काय काय पाहतात, हे मी तेव्हाच नीट ऐकून घ्यायला हवं होतं. दवाई झोंबते, कडू असते. ती थोडी असते, मोजून असते. जास्त झाली तर बाधते.

आता आमचं काम कळावं म्हणून आतड्याबद्दल चार गोष्टी सांगतो. घास गिळला म्हणजे अन्न आपलं झालं असं नाही. तोंडापासून खालपर्यंत ही एक लांब नळी आहे, आणि नळीत आहे तोवर ते परकंच. लहान आतड्याच्या भिंतीतून ते रक्तात शिरतं तेव्हा आपलं होतं. ही भिंत आतून गुळगुळीत नसते. आमच्याकडे रोवण्याआधी एका बांधीत भाताचे पऱ्हे टाकतात. पंधरा दिवसांनी ती कोवळी रोपं एकमेकांना चिकटून कशी दाट उभी असतात, तशी बारीक, मऊ लव या भिंतीवर असते. लवेच्या प्रत्येक कोंबात रक्ताच्या नाजूक नळ्या. भात, डाळ, तेल, सगळ्याचं आधी बारीक बारीक होतं आणि मग या कोंबांतून ते शोषलं जातं. पाणीही बरंचसं इथंच. आपण पितो त्याहून कितीतरी जास्त पाणी शरीर स्वतः पाचक रसांबरोबर या नळीत सोडतं आणि परत ओढून घेतं. उरलंसुरलं मोठं आतडं आटवतं. धडधाकट माणसाला या येण्याजाण्याचा पत्ताही नसतो. हगवण लागली की सोडणं वाढतं आणि ओढून घेणं मागे पडतं. डोळे खोल जातात, टाळू बसते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. लेकरू बहुतेक वेळा सुकून मरतं.

नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसतं मीठही आत जात नाही. पण साखर आणि मीठ बेताचं एकत्र आलं की भिंतीतलं एक दार उघडतं. दोघं जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. हगवणीतही हे दार बहुधा शाबूत असतं. सगळी करामत एवढीच आहे.

कॉलेजात या आतड्याची आकृती मी इतकी चांगली काढली होती की सरांनी ती वर्गात फिरवली. पण साखर-मिठाच्या दाराची गोष्ट मला नोकरीत, भंडाऱ्याच्या एका प्रशिक्षणात कळली. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. आमच्याकडे एक रीत होती: पाणी तोडणं. हगवण लागलेल्या लेकराला पाणी द्यायचं नाही. आत गेलं की बाहेर येतं, म्हणून आत जाऊच द्यायचं नाही. माझ्या दोन भावंडांचं पाणी तोडलं होतं. ती "पानी, पानी" करत होती आणि आई घागरीवर झाकण ठेवून घागरीपाशी बसून राहिली होती, कुणी कळवळून पाजू नये म्हणून. हे मी पाहिलं होतं. प्रशिक्षणाहून घरी गेलो तेव्हा आई हयात होती. तिनं विचारलं, "काय शिकवलं बापा?" म्हटलं, विहिरीत पावडर कशी टाकायची ते. खरं मी तिला कधीच सांगितलं नाही.

पुढे आमच्या केंद्रात क्षार-साखरेच्या पुड्या आल्या. एक पुडी एक लिटर पाण्यात विरघळवायची आणि लेकराला पाजत राहायचं. डॉक्टरांनी मला सांगितलं, "गावात सांगताना हे पाणी आहे म्हणून सांगा." मी मान डोलावली आणि गावात जाऊन सांगितलं, ही दवाई आहे.

का सांगितलं? कारण पाण्याला जात होती. डॉक्टर नागपूरचे, त्यांना याचा अनुभव नसावा. मी ज्या घरांच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसायचो, तिथं मला चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. माझ्या हातचं, माझ्या सांगण्यावरून घोळलेलं पाणी त्यांच्या लेकराच्या तोंडात गेलं नसतं. दवाईला मात्र जात नसते. गोळी मी कुणाच्याही तळहातावर ठेवत होतो आणि ती निमूट गिळली जात होती. म्हणून मी शब्द बदलला. मला वाटलं, मोठी हुशारी केली.

श्रावण होता, रोवणे चालू होते. वच्छला नावाची एक तरणी सून, तिचा पहिला मुलगा दीड वर्षाचा. दोन दिवस हगवण. घरात सासू, पारबताबाई. गाव तिला पारबतामाय म्हणे. तिनं पाणी तोडलं होतं. मी दोन पुड्या दिल्या. गडवाभर, म्हणजे मोठा तांब्याभर, पाणी उकळून गार करून त्यात एक कशी घोळायची ते दाखवलं. गडवा लिटरचाच आहे ना, हे माझ्याकडच्या बाटलीनं मापून घेतलं. इतका काटेकोर होतो मी.

पारबतामाय म्हणाली, "पानी त देनार नाई आमी."

"पानी नाही माय, दवाई होय ही."

"दवाई होय त देऊ."

वच्छलानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुडी दोन्ही हातांत घेतली. मी पुढच्या गावी गेलो. पाऊस होता, मधे नाला होता. तिसऱ्या दिवशी परत आलो.

घरासमोर माणसं बसली होती. मुलगा पहाटेच गेला होता. मी सायकल भिंतीला लावून उभा राहिलो. वच्छला आतून आली. तिच्या हातात तो गडवा होता, वर ताटली झाकलेली. तो जवळजवळ भरलेला होता.

"तुमी सांगतलं तसंच देलं जी," ती म्हणाली. "सकाळी चमचा, दुपारी चमचा, सांजच्याला चमचा. एक टाईमबी चुकवला नाई. दवाई उरली. वापस घेऊन जा, दुसऱ्या कोनाच्या लेकराच्या कामी येईन."

किती द्यायची, हे मी सांगितलंच नव्हतं. दवाई म्हटल्यावर ते सांगावं लागत नाही. दवाई चमच्यानं असते आणि तीन वेळा असते, हे तिला माहीत होतं. त्या गडव्यात तिच्या मुलाचा जीव होता आणि तिनं तो ताटलीखाली झाकून जपून ठेवला होता. मी गडवा घेतला आणि नाल्यापर्यंत तो हातात धरून सायकल ढकलत गेलो. नोंदवहीत लिहिलं, 'हगवण.' दुसरं काही लिहायला त्यात रकाना नव्हता.

डॉक्टरांना मात्र सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुड्या तशाही पुरणार नाहीत. तांदळाची पेज मीठ घालून चालते. पिठाची आतड्यात शेवटी साखरच होते. बी.एस्सी. तुम्ही आहात, हे मी सांगायचं का तुम्हाला?"

टोमणा मला लागला आणि लागायलाच हवा होता. भाताच्या मुलखात जन्मलो, आयुष्यभर पेज प्यालो, पिठाची साखर कशी होते यावर परीक्षेत पानभर लिहिलं, आणि ही दोन टोकं मी कधी एकत्र बांधली नव्हती.

त्यानंतरचे काही महिने मी गावात फिरताना एकच गोष्ट ऐकत होतो. बाया काय 'देतात' आणि काय 'पाजतात'. दवाई देतात. हळद-गूळ देतात. दूध पाजतात. पेज पाजतात. जे देतात ते मोजतात. जे पाजतात त्याला मोजमाप नसतं, लेकरू तोंड फिरवीपर्यंत पाजतात. आमच्या बोलीत हा फरक माझ्या जन्माआधीपासून होता. मी 'द्या' म्हटलं होतं, तिनं दिली.

दोन वर्षं गेली. वच्छलाला मुलगी झाली होती, ती वर्षाची होत आली होती. भादव्यात पाऊस लागून राहिला. चुलबंद नदीला पूर, लाखांदूरची एस.टी. बंद आणि केंद्रातल्या पुड्या संपलेल्या. मी सायकलनं गावात शिरलो तर गावची दाई रस्त्यातच भेटली. म्हणाली, "वच्छलीच्या पोरीले कालपासून लागली. पन तिच्या घरी तुमी नका जाऊ, साहेब. थे दवाईचं नाव काढू देत नाई."

मी गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. वच्छला सपरीत पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून ती उठली आणि दाराआड झाली.

"तुमची दवाई नको मले."

"मी दवाई आनलीच नाही," मी म्हटलं आणि पिशवी सपरीत उलटी केली. काचपट्ट्या, कापूस, नोंदवही. "पाहून घे."

पारबतामाय बाहेर आली. "मंग आले कायले जी?"

"माय, चुलीवर भात आहे का?"

"जेवाले आले का?" तिनं डोळे मोठे केले. "बाप्पा! पोरगी मरून राहिली अन् याईले भात पायजे!"

"पोरीसाठी पायजे. भात कुस्करून पातळ पेज करा. मीठ टाका. तुमच्या चुलीवर, तुमच्याच हातानं. मी आत येत नाही."

"पानी तोडलं आहे तिचं."

मग मी तिला माझं ज्ञान ऐकवायला गेलो. म्हटलं, "माय, पोट म्हंजे बांधीसारखं. धुरा फुटला अन् पानी वाहून गेलं, त पऱ्हे वाळतेत का नाही? मंग पानी सोडा लागते का नाही?"

पारबतामायची उमर बांधीचे धुरे, म्हणजे बांध, घालण्यात गेली होती. ती म्हणाली, "फुटक्या बांधीत पानी सोडते का कोनी? आधी धुरा बांधते. शेती केली का तुमी कधी?"

दृष्टांत तिचा खरा होता, माझा खोटा. आणि तेवढ्या वेळात पोरीचे डोळे आणखी आत गेल्यासारखे वाटले. तिला आसवं येत नव्हती; तोंड रडण्याचं होत होतं, आवाज नव्हता. तालुक्याला नेणं शक्य नव्हतं. काही करायचं तर ते त्या दारात, त्या दोन बायांकडूनच करून घ्यायचं होतं.

मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "वच्छला, मागच्या टाइमाले चूक तुही नव्हती. माही होती. मी दवाई म्हटलं अन् किती ते सांगतलं नाही. तू बरोबर केलं. मी चुकलो."

ती आतूनच म्हणाली, "आता किती टाईम द्या लागते?"

"टाइम नाही. पाजत राहायचं."

"किती चमचे?"

"मोजायचं नाही."

"मोजाचं नाई त दवाई कशी?"

"दवाई नाहीच ना वो बाई. पेज होय. पेज कशी पाजतेस पोरीले, तशी पाज."

ती दाराबाहेर आली. "मंग हे त मले येते," ती म्हणाली.

पारबतामाय बडबडत आत गेली, पण गेली. पेज झाली, निवली. मी म्हटलं, आधी चाखून पाहा. आसवापेक्षा खारट असली तर पाणी वाढवा. हे प्रशिक्षणातलंच वाक्य. ते मी पाच गावांत कितीतरी वेळा बोललो होतो. वच्छलानं बोट बुडवून जिभेला लावलं. "एवढंच असते," ती म्हणाली. पुन्हा ते वाक्य मी कुणासमोर सहज बोललो नाही.

चमचा चमचा पाजायला लागली. पोरगी चाटत होती. पाव तास झाला आणि तिनं सगळं ओकून टाकलं.

"पाहा!" पारबतामाय म्हणाली. "म्हनलो होतो का नाई?"

"थोडं थांबायचं. मंग फिरून, हळूहळू," मी म्हटलं. आवाज ठाम ठेवला. आतून मी ठाम नव्हतो.

फिरून सुरू केलं. हगवण थांबली नाही, आणि पारबतामाय प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहत होती. पण ओकारी पुन्हा आली नाही. दुपारी पेज संपत आली. वच्छला उठायला लागली, मांडीवर पोरगी. सासू आहे का म्हणून तिनं आत पाहिलं. ती विहिरीवर गेली होती. मग तिनं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली, वाटी आणि चमचा हातात दिला. "तुमी पाजा जी. मी चुलीवरचं पायतो."

मी पाजत राहिलो. पारबतामाय घागर घेऊन आली, दारात थांबली, पाहिलं, आणि घागर आत ठेवायला गेली.

तीनच्या सुमारास माझ्या मांडीला गरम लागलं. कालपासून पोरीला लघवी झाली नव्हती. पाणी आत जाऊन, रक्तात शिरून, सगळीकडे फिरून मग मूत्रपिंडापर्यंत पोचलं होतं. मी उठलोच नाही, ओल्या पॅन्टीनं बसून राहिलो. वच्छला ओरडली, "आत्याबाई! मुतली वो! पोरगी मुतली!" आणि पारबतामाय चुलीपासून धावत आली, मुलीच्या तोंडावरून हात फिरवून माझ्या पॅन्टीकडे पाहत म्हणाली, "धुऊन टाका जी साहेब. विहीर आहे मागं." त्या घराच्या विहिरीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो.

हगवण आणखी दोन दिवस राहिली. पोरगी पेज पीत राहिली, आईच्या अंगावरही पीत राहिली आणि वाचली.

पुढच्या पावसाळ्यात माझ्याआधी वच्छला पोचू लागली. कुणाच्या घरी लेकराला लागली की ही जाऊन चुलीपाशी बसायची, पेज करून घ्यायची. मी शिकवलेलं सगळं तिनं टाकून दिलं, आतडं, साखर, दार, काही नाही. ती एवढंच म्हणायची, "मोजू नको, पाजत राय." एकदा ती गावाच्या कडेला असलेल्या आमच्या लोकांच्या टोलीतही गेली. तिथल्या बाईनं पेज पुढे केली आणि थबकली. चाखल्याशिवाय मीठ कळत नाही. वच्छलानं चाखली, म्हणाली, "पानी टाक अजून थोडं," आणि तिथं बसून राहिली. गावात त्यावरून चार दिवस बोलणं झालं. तिच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

मी त्या भागात आणखी सहा पावसाळे काढले. हगवण दरवर्षी आली. तिच्या पहिल्या मुलासारखं लेकरू मात्र त्या गावात पुन्हा गेलं नाही. मग माझी बदली झाली. पुढे बढती झाली, कागद वाढले, मी निवृत्त झालो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी काय केलं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि त्यातलं निम्मं श्रेय वच्छलाचं आहे. त्या गावात आम्ही लेकरांचं पाणी तोडणं बंद पाडलं.